विमानात लॅपटॉप चार्ज करण्यासाठी योग्य अडॅप्टर कसा निवडावा

मुंबईहून लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाताना विमानात लॅपटॉपवर काम करायचे असेल, तर अनेकांना आधी व्होल्टेजची काळजी वाटते आणि ते विनाकारण कन्व्हर्टर विकत घेतात. विमानातील आसनाजवळच्या सॉकेटमध्ये साधारणपणे ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा पुरवठा असतो. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, आणि हल्ली ते बहुतेक चार्जरवर असतेच, तर घरी २३० व्होल्टवर चालणारा तोच चार्जर विमानातही चालतो. खरी अडचण येते ती वॉटची आणि पिनांची.

वॉट काढण्यासाठी चार्जरवरील ‘आउटपुट’ची ओळ पाहावी. तेथील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. उदाहरणार्थ, २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असल्यास चार्जर ६५ वॉटचा आहे. आसनाच्या सॉकेटची मर्यादा विमानागणिक वेगळी असली, तरी ती साधारण ७५ ते १५० वॉटच्या दरम्यान असते. त्यामुळे कार्यालयीन वापराच्या लॅपटॉपला सहसा अडचण येत नाही. मात्र १८० किंवा २३० वॉटचा चार्जर लागणाऱ्या गेमिंग लॅपटॉपने मर्यादेपेक्षा जास्त वीज खेचली, की सॉकेट आपोआप बंद होते. असा लॅपटॉप टाइप-सीमधून चार्ज होत असेल, तर ६५ वॉटचा छोटा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीमधून जास्त वीज देणारा) चार्जर सोबत घ्यावा आणि जड काम करण्याऐवजी लॅपटॉप बंद ठेवून बॅटरी भरून घ्यावी.

पिनांचा प्रश्न त्याहून जास्त सतावतो. विमानातील सॉकेट बहुधा अनेक देशांच्या पिना घेणारे असते, परंतु आपल्याकडची जाड, गोल तीन पिनांची वायर त्यात अनेकदा बसतच नाही, किंवा बसली तरी सैल राहते. त्यावर ठोकळ्यासारखा युनिव्हर्सल ट्रॅव्हल अडॅप्टर लावला, तर वापरून ढिल्या झालेल्या सॉकेटमधून तो स्वतःच्याच वजनाने खाली येतो. त्यापेक्षा चार्जरची सुटी होणारी वायरच बदलणे सोपे आणि स्वस्त पडते. चार्जरच्या बाजूचे तोंड इंग्रजी आठच्या आकड्यासारखे असेल, तर युरोपीय धाटणीची, दोन बारीक गोल पिनांची, २५० व्होल्ट छापलेली वायर घ्यावी. ती घरीही वापरता येते. तोंड तीन पाकळ्यांचे असेल, तर त्याला अर्थिंग लागते, म्हणून चपट्या पिनांची अमेरिकी तीन पिनी वायर घ्यावी. अशा अमेरिकी वायरवर बहुधा १२५ व्होल्टच छापलेले असतात, त्यामुळे ती घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदीला जाताना चार्जर सोबत नेणे बरे, कारण नुसत्या वर्णनावरून दुकानदार हमखास दुसरीच वायर हातात ठेवतो.

नव्या विमानांत काही ठिकाणी आसनाजवळ टाइप-सी पोर्टही असते, आणि ते ६० वॉटपर्यंत वीज देत असेल, तर केवळ चांगल्या केबलवर काम भागते. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टमधून मात्र जेमतेम मोबाइल चार्ज होतो. त्यावर लॅपटॉपची भिस्त ठेवू नये. काही जुन्या विमानांत १५ व्होल्ट डीसीचे वेगळेच सॉकेट असायचे व त्यासाठी खास अडॅप्टर लागे. आज केवळ त्या शक्यतेसाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही.

म्हणून खरेदीपूर्वी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा प्रकार आणि आसनवर्गात कोणती वीजसोय आहे, हे पाहावे. देशांतर्गत छोट्या विमानांत अनेकदा सॉकेट नसतेच, तेव्हा घरूनच पूर्ण चार्ज करून निघावे.

पॉवर बँक हा पर्याय आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. ती केवळ हातातील सामानातच नेता येते आणि १०० वॉट-अवरपेक्षा (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) मोठी असल्यास विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवरची भरते. शिवाय सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली आहे, त्यामुळे ती बॅगेत असली तरी तिच्यावर लॅपटॉप चालवता येईलच असे नाही.