अमेरिकेच्या आणीबाणीची मुदतवाढ कशी तपासावी: सोमालियाच्या उदाहरणासह

एखाद्या देशातील अस्थिरतेवरून अमेरिकेने राष्ट्रीय आणीबाणी ‘वाढवली’ अशी बातमी आली की दोन चुका हमखास होतात. काहींना नवे निर्बंध लागले असे वाटते. काही जण ही दरवर्षीचीच बाब म्हणून मुदतवाढीच्या सूचनेचा कागद न उघडता पुढे जातात. व्यवहार, देयके किंवा मदतकार्य त्या देशाशी जोडलेले असेल, तर कागद स्वतः वाचावाच. तो जेमतेम पानभर असतो.

आधी मूळ आदेश शोधा. सोमालियाच्या बाबतीत तो राष्ट्राध्यक्षांचा 12 एप्रिल 2010 चा कार्यकारी आदेश क्रमांक 13536. तिथली ढासळती सुरक्षा, सततचा हिंसाचार आणि किनाऱ्यालगतची चाचेगिरी ही त्यात दिलेली कारणे. 20 जुलै 2012 रोजी आदेश 13620 ने त्यात भर घातली आणि सोमालियातील लाकडी कोळसा अमेरिकेत आणण्यावर बंदी आली. इथेच गफलत होते: आणीबाणी एका वेळी एक वर्ष चालते आणि ते वर्ष मोजायचे ते ती जाहीर झाल्याच्या दिवसापासून. दुरुस्तीच्या तारखेपासून नाही, आणि गेल्या वर्षीच्या सूचनेवर सही झाली त्या दिवसापासूनही नाही. म्हणून सोमालियाचा वर्षदिन कायम 12 एप्रिल.

आता मुदत मोजा. 1976 च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्याच्या कलम 202(ड) प्रमाणे वर्षदिनाच्या आधीच्या 90 दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी दोन गोष्टी करायच्या असतात: आणीबाणी पुढे चालू राहील अशी सूचना फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापणे आणि ती काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पाठवणे. हे झाले नाही तर आणीबाणी वर्षदिनी आपोआप संपते. सोमालियासाठी ही खिडकी 12 जानेवारीला उघडते, लीप वर्षात 13 जानेवारीला. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर मजकूर दिसला एवढ्यावर थांबू नका. फेडरल रजिस्टरमधील प्रत उतरवून घ्या आणि त्यावरची प्रसिद्धीची तारीख नोंदवा. आदेशांना क्रमांक असतो, या सूचनांना नसतो. त्यामुळे क्रमांकाने शोधलेत तर हाती काही लागणार नाही. देशाचे नाव आणि सहीची तारीख यांवरून शोधा.

सूचना वाचताना तीन जागी थांबा. कोणत्या आदेशातील आणीबाणी चालू ठेवली आहे, ते पहिले. त्याखालचे कोणते दुरुस्ती आदेश उल्लेखिले आहेत, ते दुसरे. तिसरी जागा म्हणजे ‘एक वर्षासाठी चालू ठेवत आहे’ हे वाक्य. कायदेशीर वजन त्याच वाक्यात आहे. धोक्याचे वर्णन बहुतेक वेळा मागच्या वर्षीसारखेच असते. तरी मागच्या वर्षीची प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. वगळलेला शब्दही धोरणाची दिशा सांगून जातो.

सूचनेत जे नसते तेही तितकेच महत्त्वाचे. तिच्यामुळे निर्बंध असलेल्यांच्या यादीत कोणाची भर पडत नाही, कोणी वगळले जात नाही आणि दिलेले परवानेही बदलत नाहीत. ‘आणीबाणी’ या शब्दाने नागरिकांचे हक्क स्थगित झाल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, पण इथे तसे काही नाही. ती जाहीर केल्याशिवाय 1977 च्या आंतरराष्ट्रीय आपत्कालीन आर्थिक अधिकार कायद्याखाली मालमत्ता गोठवता येत नाही, म्हणून ती लागते. प्रत्यक्ष नियम संघीय नियमसंहितेच्या शीर्षक 31, भाग 551 मध्ये आहेत आणि नावे अर्थखात्याच्या, निर्बंध राबवणाऱ्या ओफॅक कार्यालयाच्या यादीत. म्हणून सूचना वाचून झाली की यादीही ताजी तपासा. यादीतील व्यक्तींची मिळून 50 टक्के किंवा अधिक मालकी असलेली संस्था, तिचे स्वतःचे नाव यादीत नसले तरी, गोठवलेलीच मानली जाते. नुसते नाव जुळवणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयाशीही याची गल्लत करू नये. डिसेंबर 2023 मध्ये सुरक्षा परिषदेने सोमाली सरकारवरील शस्त्रबंदी उठवली. अमेरिकेची आणीबाणी मात्र वेगळ्या कायद्यावर उभी आहे. तिकडची बंदी उठल्याने ती संपली नाही.

काँग्रेसलाही ती संपवता येते. त्यासाठी संयुक्त ठराव लागतो आणि राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते. त्यामुळे ठराव मांडल्याची बातमी वाचून निर्बंध संपल्याचे गृहीत धरू नका.

आणीबाणी खरोखर मागे घेतली गेली, तर तसा आदेश निघतो. झिंबाब्वेबाबत 2003 मध्ये जाहीर झालेली आणीबाणी 4 मार्च 2024 रोजी अशीच संपवण्यात आली. त्या दिवसापासून त्या आधारावरचे निर्बंध सुटतात, पण आधी झालेल्या उल्लंघनाची जबाबदारी सुटत नाही. कलम 202(अ) तसे स्पष्ट सांगते. मागे घेतल्यावर लगेच जुन्या फायली फेकण्याची घाई म्हणूनच महागात पडते. 12 मार्च 2025 पासून व्यवहारांच्या नोंदी ठेवण्याची मुदत 5 ऐवजी 10 वर्षे झाली आहे. दर वर्षीची सूचना, त्या दिवशी तपासलेल्या यादीची प्रत आणि तपासणाऱ्याचे नाव एकाच फायलीत ठेवा.