वाईन कॅबिनेट थंड होत नाहीये? गॅस भरायच्या आधी हे बघा

नाशिकमध्ये एप्रिल लागला की ही तक्रार सुरू होते, सेटिंग १२ डिग्रीवर ठेवलंय पण कॅबिनेट १८-२० च्या खाली उतरतच नाही. मग फ्रीजवाला येतो आणि बऱ्याचदा काही न तपासताच म्हणतो गॅस संपलाय. बंद पाईपातला गॅस वापरून संपत नसतो, तो गेला तर गळूनच जातो, त्यामुळे दर उन्हाळ्यात गॅस भरायला लागत असेल तर काहीतरी वेगळंच चुकतंय.

आधी मशीन कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा. कंप्रेसरची घरघर येत नसेल, नुसता पंख्याचा आवाज असेल तर ते पेल्टियरवालं, म्हणजे कंप्रेसर-गॅसऐवजी विजेवर गार होणाऱ्या छोट्या चकतीवर चालणारं. बाजारात मिळणारे स्वस्त, लहान पीस बरेचसे हेच असतात. हे खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० डिग्रीच खाली जाऊ शकतं, म्हणजे दुपारी खोलीत ३५ असेल तर १२ कुठून येणार? यात बिघाड नाहीये, मशीनची ताकदच तेवढी. पंखा धुळीने अडकलाय का तेवढं बघा आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा. माझं स्पष्ट मत, नाशिकच्या उन्हाळ्यात बाटल्या ठेवायच्या असतील तर कंप्रेसरवालंच घ्या.

कंप्रेसरवालं असेल तर प्लग काढून मागची जाळी बघा. रस्त्यालगतच्या घरात, त्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर धुळीचा थरच बसलेला असतो, मऊ ब्रशने साफ करा. मागे आणि बाजूला चार बोटं तरी जागा हवी, आणि पश्चिमेची तापलेली भिंत किंवा बंद बाल्कनी नकोच. मग दाराचं रबर, दारात एक नोट धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर तिथून गार हवा बाहेर जातेय. कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरची हलकी गरम हवा द्या, बऱ्याचदा रबर परत बसतं.

अजून एक, डिस्प्लेवर दिसतं ते आतल्या हवेचं तापमान, वाईनचं नाही. गंगापूर किंवा दिंडोरीकडून वायनरीतून बाटल्यांचं एक अख्खं खोकं आणून एकदम भरलं तर सगळं गार व्हायला एक दिवस सहज जातो, तोवर बटणं दाबत बसू नका. खरं तापमान बघायचं तर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर टाकून रात्रभर आत ठेवा. बाटल्या मागच्या भिंतीला चिकटवू नका, हवा फिरत नाही.

लाईट गेली तर दार उघडू नका, भरलेलं कॅबिनेट काही तास तग धरतं. लाईट आल्यावर कंप्रेसर तीन ते पाच मिनिटं चालू होत नाही, बऱ्याच मशीनमध्ये तसं मुद्दाम केलेलं असतं, पण सेटिंग तेच राहिलंय ना बघा कारण काही मॉडेल कंपनीच्या मूळ आकड्यावर परत जातात. टक-टक आवाज येतोय पण कंप्रेसर उचलत नाहीये तर व्होल्टेज कमी असू शकतं किंवा रिले (कंप्रेसर सुरू करणारा छोटा स्विच) गेलेला असतो, आधी व्होल्टेज मोजा आणि स्टॅबिलायझर लावा.

पावसाळ्यात काचेला बाहेरून घाम येणं अगदी नॉर्मल आहे. आत पाणी साचतंय तर मागे खाली पाणी जायचं भोक असतं ते तुंबलंय, प्लास्टिकच्या बारीक नळीने हळूच मोकळं करा, तार घुसवू नका. वास येत असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, फिनाईल अजिबात नको.

आणि मशीन दोन दिवस बंद पडलं म्हणून लगेच वाईन ओतून देऊ नका. कॉर्क वर सरकलंय किंवा बाजूने गळलंय तर उष्णता लागली समजा, नाहीतर उघडून चाखा. आपल्याकडच्या बऱ्याच वाईनला स्क्रू कॅप असतं, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतं, आणि शेनिन, सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाईट वाईन तशाही वर्ष-दोन वर्षात प्यायच्याच.

एवढं करूनही कंप्रेसर सतत चालतोय आणि थंड होत नाहीये तर मात्र मेकॅनिक बोलवा, पण आधी लीक शोधायला सांगा, मगच गॅस. मशीनवरच्या माहितीच्या प्लेटवर गॅसचं नाव आर ६००ए लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे, त्याचं काम येणाराच माणूस हवा आणि त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरातला गॅस बंद करा.