सी कंपायलर लिहिताना ‘#एरर’ कसे हाताळावे

हौसेने किंवा अभ्यासासाठी छोटा सी कंपायलर लिहिणारे बहुतेक जण ‘#एरर’ (प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेला त्रुटीसंदेश कंपायलरला छापायला लावणारी सूचना) अगदी शेवटी उरकतात. संदेश छापला की झाले, असे वाटते. तेवढ्यावर भागत नाही.

पहिली पायरी: ती ओळ चालू भागात आहे का, हे बघा. ‘#इफ’ची अट खोटी ठरली असेल तर आतल्या ‘#एरर’कडे काणाडोळा करायचा. त्या भागात डिरेक्टिव्हचे, म्हणजे ‘#’ने सुरू होणाऱ्या सूचनेचे, फक्त नाव वाचायचे, तेही आतले ‘#इफ’ आणि ‘#एंडिफ’ यांच्या जोड्या जुळवण्यापुरते.

दुसरी: ओळ चालू भागातली असेल तर शेवटपर्यंतची टोकन्स (शब्द, चिन्हे असे सुटे तुकडे) गोळा करा. ओळीअखेरच्या बॅकस्लॅशने जोडलेली पुढची ओळही त्यातच येते. मॅक्रो (दुसऱ्या मजकुराऐवजी वापरलेली नावे) उलगडू नका. जीसीसी हा प्रचलित कंपायलरही उलगडत नाही. संदेश रिकामा असला तरी चालतो. कुणी मराठीत संदेश लिहिला, तर तो जसाच्या तसा छापला गेला पाहिजे. इंग्रजी संदेशातल्या एकट्या अपॉस्ट्रॉफीवर मात्र लेक्सर (मजकुराची टोकन्स पाडणारा भाग) अडखळतो. तिथे इशारा देऊन पुढे जावे.

तिसरी: फाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि संदेश छापा. हेडर (‘#इन्क्लूड’ने आत घेतलेली फाइल) कुठून आले ती साखळीही दाखवा, नाहीतर वापरणारा भलत्याच फाइलमध्ये शोधत बसतो.

आता खरा वाद: तिथेच थांबायचे की पुढे जायचे? मायक्रोसॉफ्टचा कंपायलर सी११८९ ही घातक त्रुटी देऊन तिथेच थांबतो. जीसीसी पुढे वाचत राहतो आणि मग ‘हा टाइप माहीत नाही’ छापाच्या तक्रारींखाली मूळ कारण गाडले जाते. हेडर लिहिणाऱ्याने नेमके कारण सांगून ठेवलेले असताना बाकीचा गोंगाट कशाला? थांबण्याच्या बाजूने मी आहे. फार तर प्रीप्रोसेसिंग (‘#’च्या सूचना पाळण्याचा पहिला टप्पा) पूर्ण करावे, म्हणजे इतर ‘#एरर’ही एकदमच कळतील, पण पार्सरकडे (वाक्यरचना तपासणाऱ्या पुढच्या भागाकडे) काही पाठवू नये.

शेवटची पायरी चुकवू नका. सी भाषेच्या १९८९च्या मानकात फक्त संदेश देण्याची सक्ती होती. १९९९च्या सी९९ मानकाने भाषांतर यशस्वी होता कामा नये, असे स्पष्ट केले. म्हणून ऑब्जेक्ट फाइल (भाषांतरित यंत्रसंकेताची फाइल) बनवू नका आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, देऊ नका. मेक हा कंपायलरला कामाला लावणारा प्रोग्राम तोच कोड पाहून पुढे जायचे की नाही ते ठरवतो. नुसते प्रीप्रोसेसिंग मागितले असेल तेव्हाही हाच नियम लावा, आणि त्याची चाचणी वेगळी लिहा.