सोयाबीन-गव्हातून टोमॅटोकडे वळताय? या चुका टाळा

इंदूरजवळ सांवेर-देपालपूरकडे सोयाबीन आणि गहू हा ठरलेला फेरा. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून आम्ही बिघाभर टोमॅटो लावला. महिन्याभरात शेंड्याची पानं दोरीसारखी अरुंद झाली, देठ पिळवटले. दुकानदार म्हणाला, व्हायरस. तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचं औषध तीनदा मारलं. मग आईने विचारलं, "अरे, गव्हात टू-फोर-डी मारलेला पंप हाच ना?"

हाच होता. टू-फोर-डी म्हणजे गव्हातलं तणनाशक.

व्हायरस असेल तर पानं बारीक राहून वर वळतात, कडा पिवळ्या पडतात, झाड खुजं राहतं; तेही सुरुवातीला इथे एक, तिथे एक. तणनाशकाचा फटका बसला की पानं खाली मुडपतात, शिरा समांतर दिसतात आणि ओळीच्या ओळी एकदम वाकड्या होतात. जिथून फवारणी सुरू केली तिथे सर्वात जास्त. टू-फोर-डीचा अंश नळीत आणि वायसरमध्ये दडून बसतो, साध्या पाण्याने हिसळून जात नाही. तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवा. आमच्या पंपावर आता लाल रंगाचा पट्टा आहे. शेजारी गव्हात फवारत असेल तर वाऱ्याची दिशाही बघा.

दुसरा धोका जमिनीतच असतो. सोयाबीनमध्ये इमाझेथापायर हे तणनाशक मारलं असेल तर त्याचा अंश महिनोन्महिने टिकतो, कोरड्या वर्षी तर जास्तच. फ्लॉवर, बटाटा, बीट यांना तो बाधतो. रोप विकत घेण्याआधी एका कुंडीत त्या शेतातली माती आणि दुसरीत तणनाशक न पडलेल्या बांधावरची माती भरून दोन्हींत मुळा पेरा. तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. फुकटची तपासणी आहे, पण घाई असते ना सगळ्यांना!

पाणीही गव्हासारखं देऊ नका. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, म्हणून गादीवाफेच बरे. आधी ताण, मग भरपूर पाणी असं झालं की टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. रोपाला कॅल्शियम पोचत नाही, त्यामुळे हे होतं. फवारणीपेक्षा आधी पाण्याची पाळी नीट करा.

गहू भाव येईपर्यंत कोठीत राहतो, टोमॅटो नाही. इंदूरच्या चोइथराम मंडीत एकदम सगळा माल न्यायची वेळ नको, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावा. आणि तोडणीला माणसं किती, ते आधी मोजा. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. लग्न, दिवाळी तिला कळत नाही. आमच्या घरात तोडणारी माणसं दोनच, म्हणून भेंडी अजून अर्ध्या बिघ्यावरच आहे.