लाइन गेली तरी बॅकअप चुकू नये म्हणून

जिनिंगच्या काट्यावरचं बिलिंग उबुंटू लिनक्सवरच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टच्या फुकटच्या डेटाबेसवर) चालवत असाल, तर एक गोष्ट आधी बघा भाऊ. रोजचा बॅकअप खरंच होतो का? लिनक्सवर हा सर्व्हर २०१७ पासून अधिकृतपणे चालतो, पण फुकटच्या एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक सांभाळणारा एजंट नाही. म्हणून बहुतेक जण क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, रात्री २ ची वेळ टाकून मोकळे होतात.

आणि इथंच फसतो आपण. यवतमाळकडच्या गावात रात्री २ ला लाइन असेलच, याची हमी कोण देणार? त्या मिनिटाला मशीन बंद असलं की क्रॉन ते काम सोडून देतो, मागाहून करत नाही. मी हे सीझनच्या ऐन गर्दीत शिकलो, शेवटचा बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा निघाला तेव्हा.

उपाय साधा आहे: क्रॉनऐवजी ॲनाक्रॉन. दिवसाचं काम राहिलं असेल तर मशीन चालू झाल्यावर तो ते उरकतो. त्यात १५ मिनिटांचा उशीर ठेवा, म्हणजे तोवर डेटाबेस नीट उठलेला असतो.

बॅकअपच्या फोल्डरची मालकी एमएसएसक्यूएल (mssql) या युजरकडे द्या, सर्व्हर त्याच नावानं चालतो, नाहीतर परवानगी नसल्याची एरर येते. बॅकअपसाठी वेगळं लॉगिन करा, ‘एसए’चा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. फाइल त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, रोज दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. महिन्यातून एकदा तिथंच रिस्टोअर करून बघा.