गावरान कोंबड्यांचं लसीकरण शिकताना

लसीकरण शिकायला येणाऱ्या पोरापोरींना आधी सुई धरायची घाई असते. सुई चार दिवसांत हातात बसते. अवघड आहे ते लस जिवंत ठेवणं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस म्हणजे जिवंत विषाणू. उष्णतेनं तो मरतो, पण बाटली दिसायला तशीच राहते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा दवाखान्यापासून वस्तीपर्यंतच्या गाडीवरच्या प्रवासातच निम्मं काम बिघडू शकतं.

लसीला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. बाहेर नेताना थर्मासमध्ये बर्फ घाला आणि बाटल्या पिशवीत गुंडाळून ठेवा. विद्राव, म्हणजे लस पातळ करायचं द्रावण, तोही गारच हवा. सिरिंजमध्ये विद्राव भरून सुई लसीच्या बुचातून घातली की बाटली तो स्वतःहून आत ओढते, कारण आत निर्वात असतं. ओढला नाही, तर हवा शिरलेली आहे. ती बाटली वापरू नका. विद्राव मिसळल्यावर लस दोन तासांत संपवा.

वेळापत्रक साधारण असं: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा डोळ्यात, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा, ६ ते ८ आठवड्यांत देवी, ८ ते १० आठवड्यांत आर-टू-बी (मानमोडीचीच, मोठ्या पक्ष्यांची लस). देवी आणि आर-टू-बी यांत किमान आठवडा जाऊ द्या. आर-टू-बी जोरकस लस आहे. ६ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला दिली तर पिल्लू लुळं पडतं, मरतंही. १०० मात्रांच्या बाटलीला ५० मिली सलाईन, म्हणजे प्रत्येकी अर्धा मिली, कातडीखाली.

डोळ्यात थेंब टाकताना पिल्लाचं डोकं आडवं धरा, ड्रॉपर डोळ्याला न टेकवता एक थेंब सोडा आणि पापणी मिटून थेंब पसरेपर्यंत थांबा. नवखे इथेच चुकतात: थेंब पडला की पिल्लू सोडतात, ते मान झटकतं आणि लस मातीत जाते. थेंब गळाला तर दुसरा द्या. ड्रॉपर बाटलीसोबतचाच वापरा. दुसऱ्याचा थेंब मोठा पडला तर शंभराची बाटली सत्तर पिल्लांतच संपते.

२८ व्या दिवसाची लस पाण्यातून देता येते. पण गावच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असतं आणि ते लसीला मारतं. बोअरचं साधं पाणी घ्या, लिटरला २.५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर टाका, वीसेक मिनिटांनी लस मिसळा. भांडी प्लास्टिकची, साबणाशिवाय धुतलेली. उन्हाळ्यात आधी तासभर पाणी तोडलं तरी पुरतं. १०० पिल्लांना अडीच-तीन लिटर पाणी ठेवा. ते दोन तासांत संपलं पाहिजे.

देवीची लस दुतोंडी सुईनं, पंखाच्या पातळ पडद्यात, शीर चुकवून टोचा. ७ ते १० दिवसांनी दहा-बारा पक्षी धरून बघा. टोचल्या जागी सूज किंवा खपली हवी. बहुतेकांना काहीच नसेल तर लस मेलेली होती किंवा सुई पिसांतच गेली. लस लागली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळणारी ही एकच लस, म्हणून ही तपासणी सोडू नका.

आठ-दहा कोंबड्यांच्या घरासाठी शंभराची बाटली फोडणं परवडत नाही. आदल्या दिवशी वस्तीवर फिरून कुणाकडे किती, हे लिहून घ्या. बाभळीवर चढणारे पक्षी तिन्हीसांजेला डालग्याखाली झाकायला सांगा आणि उजाडताच सुरू करा. वस्त्या लांब असतील तर एका बाटलीत जेवढी घरं दोन तासांत होतील तेवढीच धरा.

एखाद्या घरी हिरवी हगवण किंवा वाकडी मान दिसली तर तिथे लस देऊ नका, दवाखान्यात कळवा. आजार अंगात असलेला पक्षी लसीनंतरही मरतो आणि मालक दोष लसीला देतो. अशा घरी गेल्यावर हात, चपला, पिशवी जंतुनाशकानं धुतल्याशिवाय दुसऱ्या दारात पाऊल टाकू नका. त्या दिवशी पुढची घरं रद्द केलेलीच बरी.

लासोटाचे हात डोळ्याला लावले तर माणसाचेही डोळे लाल होतात. रिकाम्या बाटल्या उकळून खोल पुरा आणि वहीत तारीख, बॅच नंबर, पक्ष्यांची संख्या त्याच दारात उभं राहून लिहा.