गळाची शिशाची वजने स्वतः कशी ओतावीत, आणि शिसे घरात कसे येऊ देऊ नये

खडकवासल्याच्या किंवा पवनेच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला शिसे किती लागते हे वेगळे सांगायला नको. तळाला दगड, कपारी, पाण्याखाली गेलेल्या बाभळींचे खुंट. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, अडकला की त्याला बांधलेले वजन गेलेच. म्हणून साठवलेले जुने शिसे वितळवून वजने स्वतःच ओतावीत असे बऱ्याच जणांच्या मनात येते. ओतकाम तसे सोपे आहे, कारण शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते आणि साध्या गॅसच्या शेगडीवर पाघळते. अवघड काय, तर त्या कामातला एकही कण घरात, मुलांच्या हातात, जेवणाच्या ताटात जाऊ न देणे. म्हणून इथे प्रत्यक्ष ओतण्यापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवर जास्त लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. शिसे ओतायचे म्हटले की काहींना बंदुकीच्या गोळ्या आठवतात. अमेरिकेत नेमबाज घरी गोळ्या ओततात, त्याची चलचित्रे इथेही पाहिली जातात. आपल्याकडे हा छंद होऊ शकत नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री येते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे किंवा विकणे यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तेव्हा गोळीचा साचा घेऊ नका, कोणी ‘एवढे ओतून दे’ म्हणून आणून दिला तरी हात लावू नका. जुनी काडतुसे फोडून छर्रे काढणे तर कायद्याच्या आणि जिवाच्याही दृष्टीने वाईट.

शिसे कुठले घ्यावे

सगळ्यात चांगले शिसे म्हणजे जुनी, तुटकी वजने आणि जाळ्याचे मणी. ते आधीच मऊ असते. जुन्या केबलवरचे शिशाचे आवरणही उत्तम. जुन्या बाजारात, बोहरी आळीत किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडे चौकशी केली की असा माल मिळतो. नखाने ओरखडा काढून पाहा. शुद्ध शिशावर नख सहज उमटते. नख घसरले तर मिश्रण कडक आहे असे समजा.

सुटे छर्रे कोणी देऊ केले तर ते या कामाला मला पसंत नाहीत. छर्रा कडक व्हावा म्हणून त्यात अँटिमनी मिसळतात आणि थेंब गोल पडावा म्हणून थोडे आर्सेनिक. वर काळे ग्राफाइट चोळलेले असते. (उंचावरून चाळणीतून वितळलेले शिसे खाली पाण्यात सोडून गोल छर्रे करण्याच्या पद्धतीचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये घेतले. तो थेंब हवेतच गोल होतो. घरी पाण्यात शिसे सोडून पाहण्याचा मोह मात्र टाळा.) गळाच्या वजनाला कडकपणाचा काही उपयोग नाही. मग आर्सेनिकची ब्याद कशाला घरात आणायची?

गाडीच्या चाकाला लावतात ती बॅलन्सिंगची वजने मिळाली तर निवडून घ्या. त्यातली बरीच आता जस्ताची किंवा लोखंडाची असतात. फरशीवर टाकल्यावर शिसे ‘थड’ असे बोदे वाजते, जस्त खणकते. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि शिशात थोडे जरी मिसळले तरी रस दाट, दह्यासारखा होतो आणि साचा नीट भरत नाही. म्हणून आच बेताची ठेवा. जे तुकडे वितळत नाहीत ते लगेच बाहेर काढा.

आणि बॅटरी कधीही फोडू नका. तिच्या पट्ट्यांत शिशाचे सल्फेट, आम्ल आणि अँटिमनी-आर्सेनिकचे अंश असतात. त्या तापवल्याने विषारी धूर होतो, आणि वितळलेल्या शिशावर जमणारी मळी नंतर ओली झाली तर त्याहून वाईट वायू सुटू शकतात. जुनी बॅटरी विकत घेतलेल्या दुकानात परत द्या. त्याचे पैसेही मिळतात आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनाही तेच अपेक्षित आहे.

जागा आणि दिवस

सदनिकेची गॅलरी, सोसायटीची गच्ची, बंद पार्किंग यांपैकी काहीही नको. गच्चीवर कपडे वाळतात, मुले खेळतात, शेजारी पापड घालतात. मुळशी किंवा भोरकडे कोणाचे शेत असेल तर तिथले मोकळे अंगण उत्तम. जमिनीवर कोरडा पत्रा अंथरा, वारा पाठीमागून येईल असे बसा, आणि लहान मुले, गर्भवती बायका, गुरे, विहीर या सगळ्यांपासून लांब राहा. शेतात भाजी लावलेल्या वाफ्याशेजारीही नको. मातीत पडलेले शिसे तिथेच राहते.

पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम हाती घेऊच नये. सगळे सामान ओलसर असते, आणि या कामातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे ओल. वितळलेल्या शिशाच्या खाली एखादा थेंब जरी अडकला तरी त्याची क्षणात वाफ होते. वाफेची जागा पाण्याच्या सुमारे सतराशे पट. ती वाट काढताना वरचे शिसे तोंडावर, हातावर उडवते. म्हणून वजनांवर ओल, चिखल, शेवाळ असेल तर आधी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. वितळलेल्या रसात नवा तुकडा कधीही थेट टाकू नका. आधी भांड्याच्या काठाशी धरून तापवा, मग आत सोडा. पळीसुद्धा आधी तापवून घ्या.

सामान

लोखंडी कढई किंवा जाड पोलादी भांडे, लांब दांड्याची लोखंडी पळी, पकड, गॅसची छोटी शेगडी. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे नको, ते तापल्यावर मऊ पडते आणि भरलेल्या वजनाने तळ बसू शकतो. यातले एकही भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. त्यावर लाल रंग मारा किंवा वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवा. ‘चांगले घासून घेतले’ हे इथे चालत नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, पँटची टोके बुटाच्या बाहेर, म्हणजे सांडलेला थेंब बुटात शिरणार नाही. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर आणि शक्य असेल तर पूर्ण चेहऱ्यावर कवच. टेरिकॉट, नायलॉन अंगाला चिकटते. साधा कापडी मास्क धुराला अडवत नाही. मोकळी हवा आणि बेताची आच यावरच भिस्त ठेवा.

साच्याबद्दल माझे मत ठाम आहे: प्लास्टर ऑफ पॅरिसचा करू नका. गणपतीच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे प्लास्टर हाताशी असते, पण वाळलेल्या प्लास्टरमध्येही पाणी बांधलेले असते. तापल्यावर ते सुटते, रस बुडबुडतो, साचा तडकतो. त्यापेक्षा भोसरी किंवा चिंचवडच्या एखाद्या लहान वर्कशॉपमधून दोन फळ्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा करून घ्या. तिथल्या लेथवाल्याला नीट चित्र काढून दिले तर तो बरोबर करून देतो. मापासाठी हिशेब असा: शिशाची घनता घनसेंटीमीटरला ११.३४ ग्रॅम. २० मिलिमीटर व्यासाचा गोळा सुमारे ४७ ग्रॅमचा होतो, २५ मिलिमीटरचा सुमारे ९३ ग्रॅमचा.

ओतणे

साचा उघडा आणि आतून दिव्याची काजळी धरा. त्या पातळ थराने शिसे चिकटत नाही आणि अंगही नितळ येते. कडीसाठी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची तार आधीच साच्यात बसवा. जस्ताचा मुलामा असलेली तार नको. साचा शेगडीजवळ ठेवून कोमट करा.

शिसे मंद आचेवर वितळवा. रस पूर्ण झाल्यावर साधारण ३५० ते ४०० अंश पुरे. रस निळा-जांभळा झळकू लागला तर आच जास्त झाली, लगेच कमी करा. जितके जास्त तापवाल तितका धूर आणि मळी जास्त. वर मळी जमली की मेणबत्तीच्या मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाका. मेण पेट घेईल, चेहरा लांब ठेवा. हलक्या हाताने ढवळा, मग काळी भुकटी पळीने काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पळी भरून एका धारेत, न थांबता ओता. थांबलात तर वजनावर घडी पडते. पहिली दोन-चार वजने सुरकुतलेली येतात, कारण साचा अजून थंड असतो. ती काठाशी धरून तापवा आणि परत कढईत सोडा. गोठताना शिसे आक्रसते, त्यामुळे तोंडाशी खळगा पडतो. तिथे थोडा रस जास्त ठेवा. साचा लगेच उघडू नका, आणि वजने पाण्यात टाकून थंड करू नका. तोंडाचे टोक नंतर पकडीने तोडा. कानशीने घासलेच तर ओल्या फडक्यावर घासा, म्हणजे भुकटी उडत नाही. हे मात्र कढई पूर्ण थंड झाल्यावर आणि तिच्यापासून दूर.

घरी परतताना

काम चालू असताना चहा, तंबाखू, सुपारी काहीही तोंडात नको. धातूचे शिसे कातडीतून फारसे शिरत नाही. ते हातावरून तोंडात आणि धुरातून छातीत जाते. लहान मुलांच्या पोटात गेलेल्या शिशाचा मोठा भाग रक्तात उतरतो, मोठ्यांच्या मानाने कितीतरी जास्त, आणि मेंदूचे नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच नाही.

तेव्हा तिथेच साबणाने हात, तोंड, दाढी धुवा. कपडे आणि बूट तिथेच बदलून पिशवीत बांधा. कपडे घरच्या कपड्यांत मिसळून मशिनमध्ये टाकू नका. जागा झाडूने झाडू नका, ओल्या कापडाने पुसून घ्या. मळीचा डबा घट्ट बंद करून कोरडा ठेवा आणि शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे द्या. घरातला कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाती तो चुकूनही जाऊ नये. वर्षातून अनेकदा हे काम करत असाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

किती लहान ओतावे

मित्रांसाठी जास्तीची वजने ओतून देणे, जुने शिसे घेऊन बदल्यात तयार वजने देणे ही चांगली रीत आहे. ती वजनावर ठरवा आणि मिश्रण कसले आहे ते सांगा. पण बारीक मणी कोणी मागितले तर देऊ नका. पाणपक्षी खडे गिळतात तसे ते मणीही गिळतात आणि मरतात. याच कारणाने ब्रिटनमध्ये १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्याकडे उजनीच्या पाणलोटात, भिगवणला रोहित पक्षी उतरतात, आणि तिथेही गळ टाकला जातो. म्हणून मी ५० ग्रॅमच्या खाली ओतत नाही. हलक्या गळाला लोखंडी नट बांधतो किंवा काठावरचाच भोक असलेला दगड. चिलापी दोन्हींना सारखीच लागते.